तार मेंदूत टिकते का?

मेंदूत चिप बसवली की माणसाच्या मनातले सगळे कळते, असे संदेश हल्ली घरोघरच्या मोबाइलवर फिरतात. कुणी घाबरते, कुणी हसून सोडून देते. पण ज्यांच्या घरात लकवा मारलेले माणूस अंथरुणाला खिळून आहे, त्यांच्या मनात वेगळाच प्रश्न येतो : याचा आमच्या माणसाला कधी उपयोग होईल का? हा लेख आम्ही त्यांच्यासाठी लिहीत आहोत.

आपल्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. उर्दूच्या पुस्तकात यांनाच असबी खलिया म्हणतात. या पेशी एकमेकींशी विजेच्या ठोक्यांनी बोलतात. एक ठोका साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका टिकतो. पेशीच्या बाहेर तो मोजायला गेलो तर टॉर्चच्या एका सेलच्या दाबाचा जवळपास पंधरा हजारावा भाग हाती लागतो, कधी त्याहूनही कमी. डोक्याला वरून तारा चिकटवून दवाखान्यात जो ई.ई.जी. काढतात, त्यात लाखो पेशींचा एकत्र गलका येतो. निकाहच्या हॉलबाहेर रस्त्यावर उभे राहिले तर आत गर्दी आहे एवढे कळते, कोण काय बोलले ते कळत नाही. त्यासाठी आत जावे लागते.

आत जाण्याची पहिली मोठी संधी माणसाने नव्हे, तर समुद्रातल्या माकूळाने दिली. माकूळाच्या अंगातला एक चेतातंतू जवळजवळ एक मिलिमीटर जाड असतो. १९३९ साली इंग्लंडमधल्या प्लिमथ येथे ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी त्या तंतूच्या आत बारीक काचनळी सरकवली आणि ठोका आतून मोजला. काही आठवड्यांतच महायुद्ध पेटले आणि काम थांबले. पुढे १९६३ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. आपल्या चेतापेशी मात्र माकूळासारख्या उदार नाहीत. त्यांचे शरीर मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढे असते. तिथे तारही तितकीच बारीक हवी.

माणसाच्या डोक्यात अशा तारा घालून मोठे काम झाले ते अमेरिकेत. युटा विद्यापीठात रिचर्ड नॉर्मन यांनी सिलिकॉनचा एक चौकोनी तुकडा तयार केला. आकार चार मिलिमीटर आणि त्यावर शंभर सुया, प्रत्येक दीड मिलिमीटरच्या आसपास. गळ्यावरच्या चाकूच्या वारामुळे मानेखालचे शरीर निकामी झालेल्या मॅथ्यू नेगल या तरुणाच्या मेंदूत २००४ मध्ये असा तुकडा बसवला गेला. हात हलवण्याचा नुसता विचार करून तो संगणकाच्या पडद्यावरचा बाण हलवू लागला, टीव्हीचा आवाज कमीजास्त करू लागला. २०१२ मध्ये कॅथी हचिन्सन या महिलेची हकीकत प्रसिद्ध झाली. ब्रेन स्ट्रोकनंतर सुमारे पंधरा वर्षे त्यांचे हातपाय हलत नव्हते आणि बोलताही येत नव्हते. त्यांनी मनातल्या इशाऱ्यावर यंत्राचा हात चालवला, कॉफीची बाटली तोंडाशी आणली आणि नळीने घोट घेतला. ज्यांनी घरात रुग्णाला चमच्याने पाणी पाजले आहे, त्यांना त्या एका घोटाची किंमत सांगायला नको.

त्या वेळी हा तुकडा त्यांच्या मेंदूत बसवून पाच वर्षे उलटून गेली होती. सगळ्यांच्या नशिबी अशी पाच वर्षे येत नाहीत. माकडांवरच्या प्रयोगांत जे तुकडे बंद पडले, त्यातले बरेच वर्षभरातच मुके झाले. खरी अडचण इथेच आहे. पेशीचा आवाज ऐकणे जमले, तिच्या शेजारी वर्षानुवर्षे राहणे जमेना.

असे का होते? मातीच्या वाटीत जमलेली फिरनी डोळ्यांसमोर आणा. तिच्यात कबाबची लोखंडी सीख खोचा आणि वाटी हळूहळू हलवत राहा. सीखेभोवतीची फिरनी फाटत जाईल. मेंदू असाच मऊ असतो आणि प्रत्येक श्वासाबरोबर, हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर किंचित हलत असतो. सिलिकॉन त्याच्यापेक्षा कोट्यवधी पटींनी कडक. मग मेंदूच्या राखणदार पेशी त्या सुईला परकी वस्तू समजून तिच्याभोवती जाळे विणतात, व्रण धरतो. जवळच्या चेतापेशी मरतात, उरलेल्या लांब पडतात. सुई जागेवरच असते, पण तिला काही ऐकू येत नाही.

म्हणून तार नुसती बारीक करून भागत नाही, ती मऊही करावी लागते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. हार्वर्ड विद्यापीठात चार्ल्स लीबर यांच्या गटाने काही दशनॅनोमीटर जाडीच्या सिलिकॉन तारांनी २००६ मध्येच काचपात्रात वाढवलेल्या उंदराच्या चेतापेशींचे ठोके टिपून दाखवले होते. पण काचपात्रातल्या पेशी आणि जिवंत मेंदू यांत फार अंतर. २०१५ मध्ये याच गटाने एक वेगळी गोष्ट केली. त्यांनी प्लास्टिकसारख्या पदार्थाची जाळी केली, मच्छरदाणीसारखी. बहुतेक जागा रिकामीच, धाग्यांच्या आत धातूच्या तारा आणि ठोके टिपणारी सूक्ष्म टोके. ही जाळी द्रवात भिजवून इंजेक्शनच्या सुईत गुंडाळून भरली आणि भूल दिलेल्या उंदराच्या मेंदूत टोचली. आत गेल्यावर ती आपोआप थोडी उलगडली. चेतापेशी तिच्या छिद्रांतून वाढल्या आणि व्रण फारसा दिसला नाही. पुढच्या वर्षी या गटाने जाहीर केले की उंदरांमध्ये त्याच त्या पेशींचे ठोके आठ महिने ऐकता आले. उंदराचे आयुष्य दोनेक वर्षांचे, त्या मानाने आठ महिने कमी नाहीत.

लीबर यांच्याबद्दल एक गोष्ट दडवून ठेवणे आम्हाला बरे वाटत नाही. चीनशी असलेल्या आर्थिक संबंधांबाबत सरकारला खोटी माहिती दिल्याबद्दल आणि कर प्रकरणात अमेरिकी न्यायालयात २०२१ मध्ये ते दोषी ठरले. जाळीचे संशोधन त्यामुळे खोटे ठरत नाही.

आता मन वाचण्याचे. शंभर सुया ८६ अब्ज पेशींतल्या शे-दोनशेंचे ठोके टिपतात, तेही हात हलवण्याचा हुकूम जिथून निघतो त्या कोपऱ्यातले. संगणक आधी रुग्णाकडून सराव करून घेतो : डावीकडे नेण्याचा विचार करा, आता उजवीकडे. त्यावरून तो आडाखे बांधतो. सासूबद्दल सुनेच्या मनात काय आहे ते यातून निघत नाही, एवढे आम्ही खात्रीने सांगतो! तरीही काळजी अगदीच निराधार नाही. चिली देशाने २०२१ मध्ये आपल्या घटनेत मेंदूतून मिळणाऱ्या माहितीच्या संरक्षणाचे कलम घातले ते उगाच नाही.

आम्हाला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंक कंपनीने पहिल्या माणसाच्या मेंदूत केसाहून बारीक असे ६४ धागे बसवले. काही आठवड्यांत त्यातले बरेच धागे मेंदूतून मागे सरकले, हे कंपनीनेच सांगितले. संगणकाची पद्धत बदलून काम पुढे चालू ठेवले गेले. पण कंपनीच उरली नाही तर? अमेरिकेतल्या सेकंड साइट या कंपनीने जगभरातल्या साडेतीनशेहून अधिक दृष्टिहीनांच्या डोळ्याच्या पडद्यावर इलेक्ट्रोड बसवले होते. त्यांना प्रकाशाचे ठिपके, दाराची चौकट, माणसाची आकृती अंधुक दिसू लागली होती. २०२० पर्यंत कंपनी डबघाईला आली आणि दुरुस्ती, सुटे भाग बंद झाले. ज्यांचे यंत्र बिघडले ते पुन्हा अंधारात गेले. निकामी झालेले इलेक्ट्रोड डोळ्यातच राहू द्यायचे की शस्त्रक्रिया करून काढायचे, हे ठरवायला ते आणि त्यांच्या घरची माणसेच उरली.