वसियत एकदा लिहून भागत नाही

उधारीची वही आम्ही व्यापारी दर महिन्याला तपासतो. ईदच्या आधी गोदामातील ठाणांची मोजदाद करतो. पण कपाटात ठेवलेली वसियत किती जण पुन्हा उघडून पाहतात?

आमच्या परिचयातील एका बुजुर्ग व्यापाऱ्याने मिळकतीचा तिसरा हिस्सा भाच्याच्या नावे लिहिला होता. त्या भाच्याने वीस वर्षे त्यांचे दुकान सांभाळले होते. कागद पक्का होता, साक्षीदारांच्या सह्याही होत्या. पण भाच्याचीच वफात आधी झाली. दुःखात मामूंनी कागदाला हात लावला नाही आणि वर्षभरात तेही गेले. भाच्याची बेवा तो कागद घेऊन वकिलांकडे गेली. वकील म्हणाले, "बहन, या कागदात आता काही उरलेले नाही."

हे कसे? हनफी कायद्याप्रमाणे ज्याच्या नावे वसियत आहे तो वसियत करणाऱ्याच्या हयातीतच वारला तर ती वसियत रद्द होते आणि तो हिस्सा वारसांकडे परत जातो. शिया कायद्यात मात्र, वसियत मागे घेतलेली नसेल तर, तो हिस्सा त्याच्या वारसांना मिळतो. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात, मुलाच्या वा नातवाच्या नावे केलेले मृत्युपत्र त्याच्या आधी मरण्याने बुडू नये अशी तरतूद आहे. पण मृत्युपत्राचा तो भाग मुसलमानांना लागू नाही.

कोर्ट कागदाच्या रूपाबाबत मोठे उदार असते. आमच्या कायद्यात तोंडी वसियतही चालते. १८९८ साली मजहर हुसेन विरुद्ध बोधा बीबी या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने मृत्यूच्या थोडे आधी लिहिलेले पत्रसुद्धा वसियत मानले. पण मजकुरात जे लिहिलेलेच नाही, ते मरहूमच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधून कोर्ट भरत नाही. तिथे कायदाच बोलतो.

माल बदलला तरीही असेच घडते. वसियतीतला गाळा नंतर विकला, तर ती वसियत मागे घेतली असे धरतात. मोकळ्या जमिनीवर घर बांधले, तांब्याचे भांडे घडवले, तरी तोच नियम. कारागीर बंधूंनी हे ध्यानात ठेवावे.

वारस कोण, हेही वसियत लिहिण्याच्या दिवशी नव्हे, मृत्यूच्या दिवशी ठरते. मुलगा नसताना भावाच्या नावे लिहिले आणि पुढे मुलगा झाला, तर भाऊ वारस राहत नाही. त्याला दफनखर्च व कर्ज फेडून उरलेल्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत वसियत मिळू शकते. मुलगा झाला नाही आणि भाऊ वारस ठरला, तर मात्र इतर वारसांच्या संमतीशिवाय त्याला वसियतीने काही मिळत नाही.

मग इलाज काय? पर्याय लिहून ठेवणे. मुंबई हायकोर्टाच्या जिंबाबाई प्रकरणात (निर्णयसंग्रह १९१७) मृत्युपत्रात असे होते की माझ्या मृत्यूच्या वेळी मुलगा असेल तर मिळकत त्याला, तो नसेल तर नातवाला, दोघेही नसतील तर धर्मादायाला. दोघेही नव्हते. कोर्टाने धर्मादायाची वसियत वैध ठरवली. लिहिणाऱ्याने पुढचा विचार केला होता, म्हणून कोर्टाला मार्ग मिळाला.

आमच्या त्या मामूंनी "भाचा नसल्यास त्याच्या मुलांना" एवढे चार शब्द लिहिले असते तर? शेवटी त्यांच्या एका मुलाने आपल्या वाट्यातून त्या बेवेला काही रक्कम दिली, अल्लाह त्याला बरकत देवो. दुसरा म्हणाला, कायदा आमच्या बाजूने आहे. तो खोटे बोलत नव्हता.

तेव्हा वाचक बंधूंनो, घरात मृत्यू झाला, मूल झाले, दुकान विकले वा नवे घेतले, की त्याच आठवड्यात वसियत उघडा आणि जाणकार वकिलाला दाखवा. आम्ही आमची गेल्याच महिन्यात उघडली. तीत लिहिलेला एक गाळा आम्ही कधीच विकून टाकला होता!