लाल बावटा चढलाच नाही

स्फोटकं भरलेल्या जहाजानं बंदरात शिरताना लाल बावटा चढवायचा, म्हणजे बाकीचे लांब राहतात, असा गोदीतला जुना रिवाज होता. १२ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’वर तो बावटा नव्हता. महायुद्ध चालू होतं. दारूगोळ्याची जहाजं रोजचीच झाल्यावर बावट्याचं कौतुक कुणाला? ‘फोर्ट स्टिकीन’च्या पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं होती, कराचीत चढवलेल्या कापसाच्या ८७०० गाठी होत्या, वंगणाची पिंपं आणि सोन्याच्या विटाही होत्या.

कापूस खाली आणि त्याच्या डोक्यावर दारूगोळा! आमच्या पारशिवनी-सावनेर पट्ट्यात जिनिंगवरच्या कोणत्याही हमालाला विचारा, तो कपाळाला हात लावेल. कापसाची गाठ आतल्या आत धुमसते. वरून पाणी मारत राहिलं तरी गाभ्यापर्यंत पोचत नाही.

१४ एप्रिलला दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. बंबवाल्यांनी शेकडो टन पाणी ओतलं, आणि झालं भलतंच. पाण्यावर तरंगत जळत्या गाठी वर, थेट स्फोटकांकडे सरकल्या. जहाज धक्क्यालाच बुडवावं की ओढत समुद्रात न्यावं, यावर अधिकाऱ्यांचं एकमत होईना आणि शेवटचा शब्द कुणाचा हेही ठरेना. माझ्या मते खरा अपघात इथे घडला, स्फोट नंतरचा. शेजारच्या जहाजांवर आणि धक्क्यावर माणसं आपापली कामं करत होती. धोका किती मोठा आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासानं दुसरा, पहिल्याहून मोठा. शिमल्याच्या भूकंपमापकावर हादरा नोंदला गेला. सोन्याची एक वीट पार लांबच्या एका घरात जाऊन पडली. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. एकूण मृतांचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत सांगितले जातात. गोदीतल्या मजुरांची मोजदाद कोण ठेवणार? आणि मुंबई जळत असताना सेन्सॉरनं वर्तमानपत्रांची तोंडं बांधली होती. जगाला बातमी दिली ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं.

तीन वर्षांनी, १७ जुलै १९४७ रोजी, ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. गटारी अमावस्या होती, सणाला घरी जाणाऱ्यांची झुंबड होती. काशाच्या खडकाजवळ पावसाळी लाटांनी बोट कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. माशांच्या होड्या घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांनी हाती लागले तेवढे वाचवले. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. सकाळची गोष्ट मुंबईला कळली ती दुपारनंतर, पोहून आलेल्यांकडून.

त्याच कोकण किनाऱ्यावर ११ नोव्हेंबर १९२७ ला ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. त्याही आधी, नोव्हेंबर १८८८ मध्ये, मांडवीहून मुंबईला निघालेली ‘वैतरणा’ सौराष्ट्राजवळच्या वादळात सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. जीवरक्षक होड्या अपुऱ्या होत्या, असं तेव्हाच्या चौकशीत निघालं होतं. विजेचे दिवे मात्र मुबलक.