भोचक म्हाताऱ्यांचं गुन्हेशोधन

खून पडलेला असतो, पण वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येत नाही. रक्तपाताचं वर्णन नसल्यातच जमा, पोलीस इन्स्पेक्टर बेताच्याच बुद्धीचा, आणि खुन्याचं नाव उघड होतं ते चहा पिता पिता. कोझी मिस्टरी म्हणतात त्या मालिकांचा हा ठरलेला थाट. ‘बुद्धीला चालना देणारी कोडी’ असं म्हणून समीक्षक त्यांची बोळवण करतात. मला ते पटत नाही. कोडं सुटलं की संपतं. मग त्याच कादंबऱ्या लोक पुन्हा पुन्हा का वाचतात? माझ्या मते वाचक परत येतो तो तिथल्या भोचक माणसांसाठी.

अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ (१९२६) गाजली ती शेवटच्या धक्क्यामुळे. तो इथे फोडत नाही. पण त्यातली कॅरोलाइन शेपर्ड बघा. गावातल्या डॉक्टरची थोरली, अविवाहित बहीण. भाऊ रुग्ण तपासून घरी पोचायच्या आत बातमी हिच्यापर्यंत आलेली असते. गडीमाणसं आणि फिरते विक्रेते हे तिचं हेरखातं. एका संध्याकाळी तिच्या घरी चौघं माहजाँग खेळायला बसतात. सोंगट्या उचलता-टाकता कुचाळक्या चालू. कोण कुणाबरोबर दिसलं, कोण कुठून आलं. डावात धड कुणाचंच लक्ष नाही. कॅरोलाइन भावाला टोमणे मारते, की तुला म्हणून काही माहीत नसतं. तेवढ्यात त्याला क्वचितच येणारा जिंकणारा हात वाटपातच येतो आणि त्या कैफात तो तळ्यात सापडलेल्या लग्नाच्या अंगठीची गोष्ट बोलून बसतो. तपासातलं गुपित सगळ्या पाहुण्यांपुढे उघडं! गप्पांच्या ओघात पुरावा असा सुटून येतो, हे या प्रकरणात जितकं छान दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसत असेल.

पुढे १९२८ मध्ये या कादंबरीवर नाटक आलं आणि त्यात कॅरोलाइनच्या जागी चक्क एक तरुण मुलगी आणली गेली. ख्रिस्तीला ते फार लागलं. कॅरोलाइन रंगवताना जी मजा आली त्यातूनच मिस मार्पल सुचली असावी, असं तिने आत्मचरित्रात म्हटलं आहे. ही मिस मार्पल १२ कादंबऱ्या आणि २० कथांमधून विणकाम करत गुन्हे उलगडते. तिची रीत एकच: समोरचा संशयित कितीही बडा असो, तिला तो सेंट मेरी मीड गावातल्या कुणाची तरी आठवण करून देतो. आयुष्यभर शेजाऱ्यांवर नजर ठेवल्याचं ते फळ.

शहरी गुन्हेगारीच्या कथा लिहिणाऱ्या रेमंड चँडलरने १९४४ च्या लेखात अशा नाजूक खुनांची यथेच्छ खिल्ली उडवली. वास्तवाच्या मुद्द्यावर तो बरोबरच होता. ‘मर्डर, शी रोट’ या अमेरिकी मालिकेचे १९८४ ते १९९६ या काळात २६४ भाग झाले. कॅबट कोव्ह या एवढ्याशा गावात इतके मुडदे पडले की प्रेक्षकांनीच त्याची थट्टा केली. पण बघणं सोडलं नाही. ज्यांचं बोलणं घरात कुणी मनावर घेत नाही, त्यांचंच म्हणणं इथे शेवटी खरं ठरतं. हे सुख चँडलरच्या गल्ल्यांत मिळत नाही.

रिचर्ड ऑस्मनने ही नस बरोबर पकडली. आई राहत असलेल्या निवृत्तांच्या वसाहतीत गेल्यावर त्याला ‘द थर्सडे मर्डर क्लब’ (२०२०) सुचली. माजी हेर एलिझाबेथ, परिचारिका जॉयस, मनोविकारतज्ज्ञ इब्राहिम आणि कामगार पुढारी रॉन: चौघंही सत्तरी ओलांडलेले. विनोद भरपूर आहे, पण एलिझाबेथचा नवरा स्टीफन हळूहळू स्मृती गमावतो आहे. या कादंबरीमालिकेतल्या कुठल्याही खुनापेक्षा तेच जास्त चटका लावतं. नुसती गंमत लिहिणाऱ्या ऑस्मनच्या नकलाकारांना हे साधत नाही.

आपल्याकडे अर्णाळकरांचा झुंजार, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, सगळे धावणारे, उड्या मारणारे. गेटजवळच्या बाकावर बसून अख्ख्या सोसायटीची खबर ठेवणाऱ्या आजी मात्र रहस्यकथेच्या बाहेरच राहिल्या. एखाद्या मराठी लेखकाने हे मनावर घ्यावं. आणि पहिला खून गणपतीच्या वर्गणीच्या हिशेबावरून पाडावा, संशयितांची वाण पडणार नाही.