ऋण-समुपदेशकाचे मानधन
कर्जात बुडालेल्यास सल्ला देणाऱ्याचे वेतन कोणी द्यावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या २००९ च्या योजनेनुसार हे समुपदेशन विनामूल्य असते. खर्च मुख्यतः बँका सोसतात. म्हणजे ऋणको ज्याच्यापुढे मन मोकळे करतो, त्याचे मानधन धनकोकडून येते! केंद्राने मूळ बँकेपासून अंतर राखावे, असे योजनेत म्हटले होते ते याचसाठी. २०१२ मध्ये ही केंद्रे ‘वित्तीय साक्षरता केंद्रे’ झाली. समुपदेशक पुष्कळदा निवृत्त बँक अधिकारी असतो; नेमणूक बहुधा कराराची, मानधन ठरावीक, बढतीला वाव जवळजवळ नाहीच. निवृत्तिवेतन घेणाऱ्यास हे परवडते. तरुण पदवीधराला मात्र मुदत संपताच नूतनीकरणाची वाट पाहावी लागते.