सवालीरामाला मराठीत कोण लिहील?

मृगाचा पाऊस पडून गेला की लालबर्रा तहसिलीतल्या घराघरांतले बोलणे बदलते. पऱ्हे टाकले का, बांधीत पाणी किती, बोडी भरली का, रोवण्याला माणसे मिळतील का, हेच चहूकडे ऐकू येते. शाळाही याच दिवसांत उघडते. पोर हे सगळे ऐकून, चिखलात पाय बुडवून वर्गात येते आणि पुस्तकात त्याला खेत, मेड़ आणि रोपाई भेटतात. त्यामुळे ते अडते असे नाही, मुले भाषा लवकर उचलतात. मात्र ते प्रश्न विचारणे थांबवते.

आम्ही हे स्वतःवरून सांगतो. उन्हाळाभर कोरड्या पडलेल्या बोडीत पहिल्या पावसानंतर मासे कुठून येतात, असे आम्ही तिसरीत असताना घरच्या बोलीत विचारले होते. गुरुजी मनाने वाईट नव्हते. ‘हिंदी में पूछो’ एवढेच म्हणाले. हिंदीत वाक्य जुळवता जुळवता तास संपला. मरळ, मागूर यांसारखे मासे हवेतूनही श्वास घेतात आणि ओल्या चिखलात तग धरतात, तर काही मासे नाल्याच्या वाहत्या पाण्यातून वर चढतात, हे आम्हाला फार उशिरा कळले.

ही आठवण निघण्याला कारण आहे. पाटीवर ‘इंटरनॅशनल’ हा शब्द असलेल्या शाळा आता लहान गावांच्या वाटेवरही दिसू लागल्या आहेत आणि पोटाला चिमटा घेऊन फी भरणारे पालक आपल्याच वाचकांत आहेत. त्या शब्दाचा अर्थ बहुतेक ठिकाणी इंग्रजी माध्यम आणि गळ्यात टाय एवढाच असतो. जिनिव्हा येथे १९६८ साली इंटरनॅशनल बॅकलॉरिएट ही संस्था स्थापन झाली. तिने १९९७ साली ३ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी प्राथमिक अभ्यासक्रम आणला. त्यात धड्याची सुरुवात मुलाच्या प्रश्नापासून होते, सातव्या वर्षापासून एकाहून अधिक भाषा शिकवल्या जातात आणि घरची भाषा टिकावी अशी अपेक्षा असते. म्हणजे जी भाषा आपण शाळेच्या फाटकाबाहेर ठेवतो, ती तिथे आत बोलावतात!

यासाठी जिनिव्हापर्यंत जाण्याचीही गरज नव्हती. आपल्याच राज्यात होशंगाबाद (आजचे नर्मदापुरम) जिल्ह्यात १९७२ साली १६ सरकारी माध्यमिक शाळांत किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी विज्ञान शिकवण्याची नवी रीत सुरू केली. मुले चार-चारच्या टोळीत बसत, प्रयोग स्वतः करत आणि जे दिसले ते लिहून काढत. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात प्रश्न असत, तयार उत्तरे नसत. परीक्षेला पुस्तक उघडून बसण्याची मुभा होती, कारण पाठांतराची परीक्षाच नव्हती. १९७८ साली हा कार्यक्रम जिल्ह्यातील सगळ्या माध्यमिक शाळांत गेला. त्याच वर्षी पुण्याच्या टेल्को कारखान्यातून रजा घेऊन आलेले अरविंद गुप्ता यांनी इथल्या आठवडी बाजारात मिळणाऱ्या आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून खेळण्यांतून भूमिती मांडली. १९८२ साली स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने पुढे काम सांभाळले आणि १९८७ पासून प्राथमिक वर्गांसाठीही कार्यक्रम सुरू केला. त्यात आपल्यासारख्याच सीमेवरच्या बैतूल जिल्ह्यातील शाहपूर भाग होता. २००२ साली राज्य सरकारने विज्ञानाचा कार्यक्रम बंद केला. तोवर तो पंधराएक जिल्ह्यांत पोचला होता. बंद का केला यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. त्यात आम्ही इथे शिरत नाही.

त्या कार्यक्रमातला सवालीराम आम्हाला सर्वांत आवडतो. सवालीराम नावाचा माणूस प्रत्यक्षात नव्हताच. मुलांनी मनात येईल तो प्रश्न त्याच्या नावाने लिहून पाठवायचा आणि कार्यक्रमातल्या मंडळींनी त्याचे उत्तर द्यायचे, अशी ती योजना होती. खेड्यातल्या मुलाच्या हाती त्याच्या नावाने उत्तर पडत असे. तो पत्रव्यवहार हिंदीत होता, आणि तिथल्या मुलांची ती जवळची भाषा होती. आमच्या लालबर्र्याच्या पोराला तेवढीच सोय हवी असेल तर त्याने पवारीत, मराठीत, गोंडीत, जे तोंडात येईल त्यात लिहिले तरी चालले पाहिजे.

कुणी म्हणेल, घरच्या भाषेने मूल गावातच अडकेल. चिन्नोरचे पाहा. बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, वैनगंगेच्या पलीकडच्या भंडारा चिन्नोरला २०२३ साली. नाव एक, मग मानांकने दोन का, असे चौथीतले पोर विचारू शकते. वास याच तांदळाला का येतो? नावाला मालक असतो का? एवढ्या प्रश्नांवरून गुरुजी मुलांना थेट अमेरिकेतील टेक्सासपर्यंत नेऊ शकतात. तिथल्या एका कंपनीने १९९७ साली बासमतीच्या वाणांवर पेटंट मिळवले होते आणि भारताच्या हरकतीनंतर तिला बरेच दावे सोडावे लागले. जग बांधीपर्यंत आलेले आहेच, ते मुलाला त्याच्या शब्दांत दाखवायचे आहे. इंग्रजीही त्याच वाटेने येऊ द्यावी, आमचा तिच्यावर राग नाही.

कायद्याचा आधारही जुना आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्ये नव्याने आखली गेली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. त्याच वर्षी घटनेत ३५० क हे कलम आले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची पुरेशी सोय राज्याने करावी, असे ते सांगते. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरणही शक्यतो पाचवीपर्यंत घरची भाषा असावी असे म्हणते. त्यासाठी लागणारे शिक्षक आणि पुस्तके मागण्याचे अर्ज होत राहोत.

तोवर एक काम शंभर पानी वहीच्या किमतीत होते. वर्गाच्या दाराशी वही टांगावी, दोरीला पेन्सिल बांधावी, कोणत्याही बोलीत प्रश्न लिहू द्यावा आणि शनिवारी त्यातला एक सगळ्यांनी मिळून सोडवावा. उत्तर गुरुजींना येत नसेल तर गावातल्या ढीवराला वर्गात बोलवावे. बोडीतल्या माशांचे आम्हाला त्यानेच सांगितले असते.