गोठ्यातून घरात येणारा रेंगाळता ताप

जालन्याच्या मोंढ्यात व्यवहार करणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांचे गोशाळेशी जुने नाते आहे. कोणी चाऱ्याची सोय पाहतो, कोणी विश्वस्त आहे, कोणाच्या घरी गोठ्यावरचे दूध येते. जीवदयेच्या या कार्यात ब्रुसेलोसिस या आजाराची ओळख असणे अगत्याचे आहे. जनावरांतील या रोगाला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. गाभण गाय वा म्हैस शेवटच्या महिन्यांत गाभडते, वार अडकते.

कच्च्या दुधातून, तसेच अशा जनावराची वार किंवा स्राव उघड्या हातांनी हाताळल्याने हा जंतू माणसात येतो. चढउतार होणारा ताप, भरपूर घाम, सांधेदुखी व थकवा ही त्याची लक्षणे. पेशींच्या आत दडून राहणारा हा जंतू यकृत, प्लीहा, मणके आणि क्वचित हृदयाच्या झडपांपर्यंत पोहोचतो. मग तापाला विषमज्वर आणि पाठदुखीला मणक्याचा क्षय समजले जाते व महिने वाया जातात.

१८८७ साली डेव्हिड ब्रूस यांनी माल्टा बेटावर हा जंतू शोधला. १९०५ साली थेमिस्टोक्लीस झमिट यांना तो तेथील शेळ्यांत आढळला. पुढील वर्षी सैनिकांना शेळीचे दूध देणे बंद होताच छावणीतील ताप झपाट्याने ओसरला.

हा आजार दुर्मीळ भासतो, कारण तो फारसा शोधला जात नाही. सोलापूरला लागून असलेल्या विजापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात सोळा वर्षे प्रौढांच्या रक्ताची सातत्याने तपासणी झाली. सुमारे २७ हजार नमुन्यांतून ४९५ रुग्ण आढळले. ही माहिती २००६ साली प्रसिद्ध झाली. म्हणून ताप रेंगाळत असेल, तर गोठ्याशी वा कच्च्या दुधाशी आलेला संबंध डॉक्टरांना आवर्जून सांगावा. उपचारात बहुधा दोन प्रतिजैविके एकत्र दिली जातात आणि ते साधारण सहा आठवडे चालतात. बरे वाटताच औषध सोडल्यास आजार उलटतो.

गोशाळेत जनावरे आजन्म सांभाळली जातात. त्यामुळे तेथे दक्षता अधिक हवी. नवे जनावर रक्ततपासणी होईपर्यंत वेगळे बांधावे. बाधित जनावराला कळपापासून दूर ठेवूनही त्याची सेवा करता येते. वार व मृत गर्भ हातमोजे घालून, चुना टाकून खोल पुरावा. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना व मादी वगारींना पशुवैद्यकाकडून एकदाच लस टोचून घ्यावी. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात तिचा समावेश आहे.

दूध उकळूनच घेण्याची आपल्या घरांतील रीत येथेही रक्षण करते, कारण उकळण्याने हा जंतू मरतो. मात्र गोठ्यात राबणाऱ्या सेवकाला ते रक्षण पुरत नाही. त्याच्या हाती हातमोजे देणे आणि त्याच्या तापाची वेळीच तपासणी करणे, हेही विश्वस्तांचे कर्तव्य आहे.