राजाच्या खर्चाने आलेल्या मुली

एव्हरशाईन सिटीत घर घेणारी कुटुंबे बँकेचे हप्ते फेडत, विरार लोकलची गर्दी सोसत, आपल्या हिमतीवर इथे स्थिरावतात. याच वसईच्या परिसरात साडेचारशे वर्षांपूर्वी माणसे वसवण्याचा वेगळा मार्ग अवलंबला गेला होता. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली आणि दमणपासून चौलपर्यंतच्या त्यांच्या उत्तर प्रांताचे ती मुख्य ठाणे झाली. प्रांत मोठा आणि माणसे थोडी. तेव्हा पोर्तुगालच्या राजाने अनाथ मुलींना सरकारी खर्चाने जहाजात बसवून हिंदुस्थानात पाठवायला सुरुवात केली. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून अठराव्या शतकापर्यंत ही योजना अधूनमधून चालू राहिली. या मुलींना ‘राजाच्या अनाथ कन्या’ म्हणत.

लिस्बन आणि पोर्तोच्या अनाथाश्रमांतून निवडलेल्या या मुली घरंदाज असाव्यात, त्यांचे बाप शक्यतो राजाच्या चाकरीत मेलेले असावेत, अशी अपेक्षा असे. वसंत ऋतूत लिस्बन सोडलेले जहाज सहा-सात महिन्यांनी गोव्याला लागे आणि वाटेत रोगराईने कित्येक प्रवासी दगावत. एका वर्षी येणाऱ्या मुली सहसा पाच-पंधराच असत. गोव्यात उतरल्यावर त्यांना आश्रमात ठेवत आणि लग्न जुळवत. हुंडा रोख क्वचितच मिळे. बहुधा तो सरकारी नेमणुकीचा कागद असे. मुलीशी लग्न करील त्याला अमुक ठाण्यावरची कारकुनी किंवा वखारीवरची जागा तीन वर्षांसाठी मिळेल, असे त्यात लिहिलेले असे. पण त्याच जागेचे वचन आधीच दुसऱ्या कुणाकुणाला दिलेले असे आणि नवऱ्याला वर्षानुवर्षे रांगेत थांबावे लागे. नेमणूक किरकोळ असेल, तर लग्नालाच कुणी पुढे येत नसे.

माझे म्हणणे असे, की सरकारने भाडे भरले म्हणून वस्ती होत नाही. आलेल्या माणसाला जमीन कसून पोट भरता आले पाहिजे. याचा पुरावा फ्रान्सने दिला. 1663 ते 1673 या काळात फ्रेंच राजाने सुमारे 800 तरुणी सरकारी खर्चाने कॅनडात पाठवल्या. हुंडा बेताचाच होता, पण नवरे शेतकरी होते. तिथल्या मूळ लोकांच्या भूमीवर अतिक्रमण करून का होईना, त्यांनी जमीन स्वतः कसली. दहा-बारा वर्षांत त्या वसाहतीची लोकसंख्या सुमारे दुप्पट झाली. वसईत जमीन तर आधीपासूनच कसली जात होती. उत्तर प्रांतातली गावे पोर्तुगीज सरदारांना ठरावीक सारा घेऊन तीन पिढ्यांच्या कराराने दिली जात. धनी कोटाच्या आत हवेलीत राही आणि शेतात राबे तो इथला कुणबी. 1695 मध्ये इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी वसईत आला. धन्याच्या जाचाला कंटाळून रयत गुलामांसारखी एका गावातून दुसऱ्या गावात पळते आणि धनी तिला बळाने परत आणतात, असे त्याने लिहून ठेवले. अशा व्यवस्थेत नव्याने आलेल्या कुटुंबाच्या वाट्याला दुसऱ्याच्या घामावरचा हिस्साच येणार. तो हिस्सा बंदुकीच्या धाकावर टिकतो आणि धाक संपला की संपतो.

यावर कुणी म्हणेल, की लिस्बनमध्ये या मुलींचे हाल झाले असते, निदान इथे त्यांना घर आणि नवरा मिळाला. ज्यांना मिळाला त्यांच्यापुरते ते खरे आहे, आणि त्या काळी बिनहुंड्याच्या अनाथ मुलीसमोर वाटा किती थोड्या होत्या हेही मला मान्य आहे. पण दया हाच हेतू असता, तर गोव्यात लढताना मेलेल्या शिपायांच्या मुलीही तितक्याच अनाथ होत्या. आमच्या मुलींना डावलून बाहेरून आलेल्यांना नेमणुका देता, अशी तक्रार गोव्याच्या नगरसभेने राजाकडे केली होती. राजाला हवी होती ती युरोपात जन्मलेली बायको, म्हणजे पुढची पिढी त्याच्या दृष्टीने ‘शुद्ध’ राहील. मुलीचे कल्याण त्या हिशोबात दुय्यमच होते. दुसरा आक्षेप संख्येचा. इतक्या थोड्या मुलींवरून योजना फसली असे कसे म्हणावे? संख्या थोडी होती हे मी योजनेच्या अपयशाचेच लक्षण मानतो. दोनशे वर्षे चालूनही ती वाढली नाही, कारण वाढवण्याइतक्या नेमणुका आणि गावे वाटायला उरलीच नव्हती.

मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. तहाने पोर्तुगिजांना कुटुंबकबिल्यासह, चीजवस्तू घेऊन जाण्याची मुभा मिळाली आणि हवेल्यांतली घराणी गोव्याकडे, मुंबईकडे निघून गेली. गावागावांतले ख्रिस्ती मात्र राहिले. सामवेदी, वाडवळ, कोळी हे सगळे याच मातीतले लोक. त्यांची केळीची, पानाची, फुलांची शेती चालू राहिली आणि त्यांची बोलीही टिकली.

एव्हरशाईनचे रहिवासी सुट्टीच्या दिवशी किल्ल्यात फिरायला जातात आणि पडक्या चर्चच्या कमानींपाशी फोटो काढतात. तिथल्या जमिनीवर कोरीव शिलालेख असलेल्या थडग्यांच्या फरश्या आहेत. पुढच्या खेपेला त्यावरची नावे जरूर वाचा. आणि परतताना वाटेतल्या वाडीतल्या म्हाताऱ्यांशी दोन शब्द बोला, कारण वसईचा टिकलेला इतिहास त्यांच्या घरात आहे.